सूर्याचे गणित: पक्ष कोणता, साध्य कोणते?



आजचा विषय इथल्या बऱ्याच जणांनी कधी ना कधी परीक्षेत सोडवलेला आहे. गणित साधारण असे असते: सूर्याचे वस्तुमान दर सेकंदाला सुमारे ४२ लाख ६० हजार टनांनी घटते, प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर, तर सूर्याची शक्ती किती? विद्यार्थी आइन्स्टाइनचे समीकरण लिहितो, वस्तुमानाला वेगाच्या वर्गाने गुणतो, आणि उत्तर येते ३.८३ गुणिले १० चा २६ वा घात, एकक वॅट. खाली दोन रेघा. पूर्ण गुण.

गुण मिळाले, छान झाले. पण मला त्या गणितात एक गोष्ट नेहमी खटकते. ते ४२ लाख ६० हजार टन मोजले कोणी? सूर्य काट्यावर कोणी ठेवला? सकाळी वजन केले, संध्याकाळी केले, फरक काढला, असे काही झाले आहे का? अर्थातच नाही. भूमितीच्या तासाला आपण पक्ष, साध्य आणि सिद्धता लिहायला शिकलो. या गणितात पक्ष आणि साध्य यांची सरळ अदलाबदल झालेली आहे. जे 'दिले आहे' म्हणून सांगतात ते खरे तर उत्तर आहे, आणि जे काढायला सांगतात ते माणसाला आधीपासून ठाऊक होते. आइन्स्टाइनच्या जन्माच्याही चाळीस वर्षे आधीपासून.

म्हणून आज हे गणित ज्या क्रमाने घडले त्याच क्रमाने मांडणार आहे. आधी सूर्याची शक्ती कशी मोजली ते. मग ती येते कुठून यावर झालेली भांडणे. मग ते प्रसिद्ध समीकरण. आणि त्यानंतर, माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची पण सगळ्यांत कमी सांगितली जाणारी बाब: सूर्याची शक्ती किती असावी हे ते समीकरण ठरवतच नाही, ते ठरवणारा दुसराच कोणीतरी आहे. संयोजकांनी प्रोजेक्टर लावून ठेवला होता, पण ज्यांच्या स्मृतीला हे व्याख्यान वाहिले आहे ते खडूफळ्याचे शिक्षक होते. म्हणून मीही फळाच मागून घेतला.

तर, शक्ती. १८३७-३८ साल. फ्रान्समध्ये क्लोद पुइये नावाचे भौतिकशास्त्रज्ञ उन्हात एक उपकरण घेऊन उभे आहेत. नाव भारदस्त, पायरहेलिओमीटर. वस्तू अगदी साधी. चांदीची एक चपटी गोल डबी, साधारण दहा सेंटीमीटर रुंद. आत शंभर ग्रॅमच्या आसपास पाणी. डबीचा वरचा पृष्ठभाग काजळीने काळा केलेला, म्हणजे ऊन परत फिरू नये. पाण्यात तापमापकाचा फुगा बुडालेला, त्याची नळी डबीच्या मागून दांड्यासारखी खाली आलेली, आणि त्या दांड्याच्या टोकाला डबीएवढीच दुसरी एक चकती. ही चकती कशाला? डबीची सावली तिच्यावर बरोबर बसली, जराही बाहेर सांडली नाही, म्हणजे डबीचे तोंड नेमके सूर्याकडे आहे. किती साधी युक्ती, पण तिच्यावाचून मापाला अर्थ नाही, कारण तिरक्या पडलेल्या उन्हाने उत्तर चुकते.

मग पाच मिनिटे डबी सावलीत, पाच मिनिटे उन्हात, पुन्हा पाच मिनिटे सावलीत. प्रत्येक वेळी पारा किती चढला, किती उतरला, ते टिपायचे. सावलीतली घट उन्हातल्या वाढीत मिळवायची, कारण डबी उन्हात असतानाही भोवतीच्या हवेला उष्णता देतच असते. राहता राहिले वातावरण. सूर्य डोक्यावर असताना किरणांना कमी हवा ओलांडावी लागते, कलल्यावर जास्त. म्हणून दिवसभर वेगवेगळ्या वेळी मापे घ्यायची, हवा वाढत गेली की ऊन किती घटते ते पाहायचे आणि हवा शून्य असती तर किती मिळाले असते ते हिशेबाने काढायचे. पुइयेंचे उत्तर होते: वातावरणाच्या बाहेर दर चौरस सेंटीमीटरवर दर मिनिटाला सुमारे १.७६ कॅलरी. आजच्या भाषेत चौरस मीटरला १२२८ वॅट. आज उपग्रहांवरची उपकरणे सांगतात १३६१. डबीभर पाणी, काजळी आणि पारा एवढ्या भांडवलावर माणूस दहा टक्क्यांच्या आत आला! त्याच सुमारास आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप ऑफ गुड होपला, सर जॉन हर्शेल अशीच मापे घेत होते. या हर्शेल घराण्याकडे पुन्हा यायचे आहे, नाव लक्षात ठेवा.

पुढचे काम भूमितीचे. पृथ्वी सूर्यापासून सुमारे १४ कोटी ९६ लाख किलोमीटरवर आहे. पुइयेंच्या काळी हे अंतर शुक्राच्या अधिक्रमणांवरून काढलेले होते, थोडे जास्त होते, पण कामापुरते बरोबर होते. सूर्य मध्यभागी ठेवून एवढ्या त्रिज्येचा गोल कल्पा. सूर्याचा सगळा प्रकाश या गोलातून बाहेर जाणार. गोलाचे क्षेत्रफळ २.८१ गुणिले १० चा २३ वा घात चौरस मीटर. दर चौरस मीटरला १३६१ वॅट. गुणा. आले ३.८३ गुणिले १० चा २६ वा घात. मघाचेच उत्तर, आणि त्यात आइन्स्टाइन कुठेही नाही, प्रकाशाचा वेग कुठेही नाही, अणू नाही, काही नाही.

आता दुसरा मुद्दा. एवढी ऊर्जा रोज, अखंड, येते कुठून?

एकोणिसाव्या शतकात कुणालाही पहिला आठवणार कोळसा. करून पाहू. एक किलो चांगला कोळसा जळाला की सुमारे तीन कोटी जूल मिळतात. सूर्याचे वस्तुमान २ गुणिले १० चा ३० वा घात किलो. सगळा सूर्य कोळशाचा धरला, आणि जाळायला लागणारा ऑक्सिजन फुकटात मिळाला असेही धरले, तर तो किती टिकेल? पाच हजार वर्षे. हडप्पा-मोहेंजोदडोची माणसे विटा भाजायला लागली तेव्हा पेटवलेला सूर्य आता विझायला आला असता.

मग हेल्महोल्ट्झ आणि केल्व्हिन यांनी दुसरा उपाय काढला, आणि तो मात्र चांगला होता. सूर्य स्वतःच्याच वजनाने आत आत दबतो आहे. दबताना गुरुत्वाची ऊर्जा मोकळी होते आणि उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. वर्षाला त्रिज्या वीस-चाळीस मीटरने घटली तरी आजचे ऊन निभावते, आणि इतकी बारीक घट कोणत्याही दुर्बिणीला दिसायची नाही. सुरेख कल्पना. पण हिशेब केला की मिळतात सुमारे तीन कोटी वर्षे. केल्व्हिननी १८६२ मध्ये सूर्याच्या वयाला दहा कोटींच्या आसपासची मर्यादा घातली, पुढे तीही दोन-चार कोटींवर आणली.

इथे भूगर्भशास्त्रज्ञ अडून बसले. खडकांचे थर, त्यांची झीज, त्यांतले जीवाश्म हे सगळे दोन-चार कोटी वर्षांत बसेना. डार्विननी तर १८५९ च्या आपल्या ग्रंथात इंग्लंडमधल्या वील्ड या प्रदेशाची झीज व्हायला तीस कोटी वर्षे लागली असतील असे छापले होते. टीका झाली, तेव्हा पुढच्या एका आवृत्तीतून तो आकडा त्यांनी काढून टाकला. पण दगड काही आपले म्हणणे मागे घेत नव्हते. एका बाजूला त्या काळातला सर्वांत दबदब्याचा भौतिकशास्त्रज्ञ, दुसऱ्या बाजूला हातोडी घेऊन डोंगर हिंडणारी माणसे. आणि बरोबर निघाली हातोडीवाली. केल्व्हिनच्या गणितात चूक नव्हती, यादी अपुरी होती. जी ऊर्जा ठाऊकच नाही ती यादीत येणार कशी?

१९०५ साली सप्टेंबरच्या अखेरीस बर्नच्या पेटंट कचेरीतल्या एका सव्वीस वर्षांच्या कारकुनाने तीन पानांचा एक निबंध जर्मन नियतकालिकाकडे पाठवला. त्यातले म्हणणे असे होते की एखाद्या वस्तूने प्रकाशरूपाने ऊर्जा बाहेर टाकली तर तिचे वस्तुमान, त्या ऊर्जेला प्रकाशवेगाच्या वर्गाने भागल्यावर जे येते तेवढ्याने घटते. बघा, मूळ मांडणीतही भागाकारच आहे! ऊर्जा हाती आहे, वस्तुमान काढायचे आहे. आणि निबंधात सूर्याचे नावही नाही. पडताळा घ्यायचा तर रेडियमच्या क्षारांवर घ्यावा, एवढेच सुचवलेले आहे.

आता हा भागाकार आपण करू. वेगाचा वर्ग म्हणजे ९ गुणिले १० चा १६ वा घात, हा भाजक राक्षसी आहे. तो किती राक्षसी हे कळायला आधी घरचे उदाहरण घेऊ. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. समजा ते वर्षभर एक क्षणही न थांबता पूर्ण क्षमतेने चालले. (समजायला काय जाते!) तर वर्षभरात तारांमधून गेलेल्या सगळ्या विजेचे वस्तुमान किती? एक किलो. रेल्वेच्या वाघिणीच्या वाघिणी कोळसा आला, राखेचे डोंगर झाले, निम्मा महाराष्ट्र उजळला, आणि वस्तुमानाच्या हिशेबात सरकला एक किलो. हो, कोळशालाही हाच नियम लागू आहे. आइन्स्टाइनचे समीकरण फक्त अणुबॉम्बचे, हा मोठा गैरसमज आहे. चुलीतल्या लाकडालाही ते लागू आहे. फक्त तिथली घट कुठल्याही तराजूला कळत नाही.

आता सूर्य. ३.८३ गुणिले १० चा २६ वा घात, भागिले ९ गुणिले १० चा १६ वा घात. उत्तर ४.२६ गुणिले १० चा ९ वा घात किलो, म्हणजे ४२ लाख ६० हजार टन. दर सेकंदाला! मी हे वाक्य म्हणेपर्यंत कोटीच्या वर गेले. यातले पृथ्वीच्या वाट्याला येते ते साऱ्या उन्हाच्या सुमारे २२० कोटींत एक भाग, म्हणजे सेकंदाला जेमतेम दोन किलो. साऱ्या जगातले गवत, ऊस, पाऊस, वारे, आपण सगळे जे काही चालतो ते या दोन किलोंवर. दोन किलो! महिन्याच्या किराण्यातली साखर याहून जास्त भरते.

पण थांबा. भागाकार जमला म्हणून उत्तर खरे ठरत नाही. सूर्याजवळ घटण्यासारखे वस्तुमान आहे, ते घटवणारी काही प्रक्रिया आहे, हे कुठे दाखवले? यासाठी पंधरा वर्षे थांबावे लागले. केंब्रिजला फ्रान्सिस ॲस्टन यांनी अणूंची वस्तुमाने अतिशय नेमकी मोजणारे यंत्र बांधले. १९२० च्या सुमारास त्यांच्या मापांतून एक विचित्र गोष्ट दिसली. हेलियमचा अणू हायड्रोजनच्या चार अणूंएवढा असायला हवा, पण तो थोडा हलका आहे. आजच्या मापात बोलायचे तर हायड्रोजनचे चार अणू मिळून ४.०३१३, हेलियमचा एक ४.००२६. फरक हजारात सात. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कार्डिफ इथल्या सभेत आर्थर एडिंग्टन यांनी उघड सांगितले की ताऱ्यांचे इंधन हेच असावे: हायड्रोजनचे हेलियम होते, आणि मधले हजारातले सात प्रकाश होऊन निघून जातात. ही शक्ती माणसाच्या हाती आली तर तो तिने आपले भले करील किंवा आत्मघात, हेही त्यांनी त्याच भाषणात बोलून दाखवले. हिरोशिमाच्या पंचवीस वर्षे आधी!

हजारातल्या सातांनी गणित पुरे होते. सेकंदाला ४२ लाख ६० हजार टन घट हवी, तर सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियम व्हायला हवे. म्हणजे 'सूर्यात दर सेकंदाला चाळीस लाख टन पदार्थ नष्ट होतो' असे आपण पुस्तकांत वाचतो ते ढिले विधान आहे. साठ कोटी टन आत गेले, ५९ कोटी ५७ लाख टन बाहेर आले. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची एकूण संख्या जितक्यास तितकी राहिली, एकही हरवला नाही. घटले ते त्यांच्या एकत्र बांधले जाण्यामुळे. सुटे असताना त्यांचे जे वस्तुमान होते ते घट्ट बांधल्यावर थोडे कमी भरते, आणि तो फरक बाहेर पडतो.

हेलियमचा विषय निघालाच आहे तर दोन शब्द कोकणाबद्दल बोलू द्या. विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात, आणि १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी तिथून हेलियमचा शोध लावला असे सांगतात. त्या दिवशी तिथे कार्यक्रमही होतात. कार्यक्रम जरूर व्हावेत, पण लॉकियर तेव्हा इंग्लंडात होते. त्यांनी सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेषा पाहिली ती त्याच वर्षी २० ऑक्टोबरला, लंडनमध्ये, ग्रहणावाचून. विजयदुर्गावर ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी; ओटे त्या वेळचे. तोपर्यंत विल्यम रॅम्झे यांना १८९५ मध्ये पृथ्वीवरच्या एका खनिजात हेलियम सापडूनही गेला होता. मग १८६८ च्या ग्रहणात आपल्या बाजूला काहीच नाही का? आहे की! गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन होते हे सगळे सांगतात. पण पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात त्या दिवशी वर्णपटदर्शक लावून बसले होते लेफ्टनंट जॉन हर्शेल, केपच्या त्या हर्शेल साहेबांचे चिरंजीव. त्यांना सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांत तीन ठळक रेषा दिसल्या: लाल, नारिंगी आणि निळी. ती मधली नारिंगी म्हणजेच पुढे हेलियमची ठरलेली रेषा. बापाने सूर्याची उष्णता मोजली, मुलाने जमखंडीत त्या उष्णतेची राख पाहिली, आणि आपण काय पाहिले हे त्याला तेव्हा कळणे शक्यच नव्हते. खोटा ऐवज जपण्यापेक्षा खरा जपावा असे आपले माझे मत.

एडिंग्टनच्या कल्पनेला एक अडचण होती. सूर्यात एवढा हायड्रोजन आहे का? तेव्हाचा समज असा की सूर्य पृथ्वीसारख्याच मालाचा, लोखंडबिखंड भरलेला. इथे कोलकात्याचे मेघनाद साहा येतात. तापलेल्या वायूतले अणू किती प्रमाणात आयनित होतात याचे समीकरण त्यांनी १९२० मध्ये दिले. ते हाती घेऊन हार्वर्डमध्ये सेसिलिया पेन या पंचवीस वर्षांच्या मुलीने १९२५ च्या प्रबंधात दाखवले की ताऱ्यांत हायड्रोजन इतर सगळ्यांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आहे. ज्येष्ठांनी, म्हणजे हेन्री नॉरिस रसेल यांनी, हे अशक्य आहे असे सांगितले, आणि प्रबंधात तिला हा निष्कर्ष बहुधा खरा नाही असे लिहावे लागले. चार वर्षांनी रसेलच तिच्या मताला आले. इंधन सापडले. पेटते कसे तेही पुढे दहा वर्षांत उलगडले. हान्स बेथे यांचे नाव त्यात मुख्य, १९६७ चे नोबेल त्यांना त्याबद्दलच मिळाले. तो भाग आज सोडून देतो, कारण मला चौथ्या मुद्द्याकडे जायची घाई आहे.

चौथा मुद्दा असा. सूर्याची शक्ती ३.८३ गुणिले १० चा २६ वा घातच का? त्याच्या दहापट का नाही? दशांश का नाही? वस्तुमानाचे ऊर्जेत रूपांतर होते म्हणून, हे उत्तर होत नाही. आइन्स्टाइनचे समीकरण भाव सांगते, एका किलोला किती जूल. किती किलो, किती वेळात, हे ते सांगतच नाही. मग कोण सांगते?

मनात एक चित्र असते की सूर्याच्या पोटात महाभयंकर स्फोट चाललेले आहेत. जरा दर किलोचा हिशेब करू. सूर्याची सगळी शक्ती त्याच्या सगळ्या वस्तुमानाने भागली तर किलोमागे येतात ०.०००१९ वॅट. आता या सभागृहाकडे बघा. तीनशे माणसे असतील, सरासरी ६५ किलोची धरू. म्हणजे साडेएकोणीस हजार किलो ऐवज. आपण नुसते बसून माणशी शंभर वॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे सगळे मिळून तीस हजार वॅट. म्हणून तर पंखे फुल करूनही उकडते आहे. आणि साडेएकोणीस हजार किलो सूर्य? चार वॅटही नाही. झीरोचा बल्बसुद्धा त्यावर धड लागणार नाही! किलोमागे तुम्ही आम्ही सूर्याच्या आठ हजार पट तेजस्वी आहोत. हे कुणी कधी सांगितले होते का तुम्हाला?

गाभ्यात दीड कोटी अंश तापमान असूनही ही प्रक्रिया इतकी मंद का? दोन प्रोटॉन एकमेकांना ढकलतात, जवळ येऊ देत नाहीत. क्वचित आलेच, तर चिकटण्याआधी त्यांच्यातल्या एकाचा न्यूट्रॉन व्हावा लागतो, आणि ते दुर्मिळातले दुर्मिळ. सूर्याच्या गाभ्यातल्या एका प्रोटॉनला हा योग यायला सरासरी ९०० कोटी वर्षे लागतात. सूर्याचे वय ४५७ कोटी. म्हणजे तिथले बहुतेक प्रोटॉन अजून बिनलग्नाचेच आहेत. आणि म्हणूनच सूर्य टिकला.

पण मंद असली तरी गती किती असावी हे कोण ठरवते? माझे उत्तर आहे: पांघरूण. थंडीत गोधडीखाली झोपलेल्या माणसाची ऊब बाहेर किती जाईल हे गोधडी किती जाड यावर असते ना, तसे. सूर्याचा गाभा लाखो किलोमीटर जाडीच्या अपारदर्शक वायूखाली गाडलेला आहे. आतला प्रकाश सरळ बाहेर येऊच शकत नाही. पावलोपावली धडकतो, शोषला जातो, भलत्याच दिशेला फेकला जातो. गाभ्यातली ऊर्जा पृष्ठभागावर यायला लाखभर वर्षे लागतात. सूर्याची शक्ती म्हणजे या पांघरुणातून होणारी गळती, एवढेच.

आणि भट्टी? भट्टी गळती भरून काढते. गळतीपेक्षा कमी ऊर्जा तयार झाली तर गाभा किंचित दबतो, दबला की तापतो, तापला की संमीलन, म्हणजे हायड्रोजनचे हेलियम होणे, वाढते. जास्त झाली तर गाभा फुगतो, फुगला की थंड होतो, संमीलन मंदावते. कुणी नोकर ठेवायला नको. सूर्य तप्त आहे तो जळतो म्हणून नव्हे, तो प्रचंड जड आहे म्हणून. संमीलन थांबले तरी तो उद्या विझणार नाही. केल्व्हिन साहेबांच्या पद्धतीने दबत दबत आणखी कोटी-दोन कोटी वर्षे सहज चमकेल. संमीलनाने सूर्याला तेज दिले नाही, आयुष्य दिले.

हे मी पदरचे सांगत नाही. एडिंग्टन यांनी १९२४ मध्ये ताऱ्याच्या वस्तुमानावरून त्याचे तेज काढून दाखवले, आणि तेव्हा ताऱ्यांच्या पोटात नेमके काय चालते हे जगात कुणालाही माहीत नव्हते! भट्टी ठाऊक नसताना शक्ती काढता आली. का? कारण शक्ती भट्टीवर अवलंबूनच नाही. वस्तुमान आणि पांघरूण कळले की पुरे.

आकाशातला व्याध घ्या. सूर्याच्या जेमतेम दुप्पट वस्तुमान, आणि तेज? पंचवीस पट. वस्तुमान वाढले की आतले तापमान वाढते, प्रकाशाचा दाब वाढतो, गळती फार जोरात वाढते. व्याधाचे वस्तुमान त्यामुळे सेकंदाला साडेदहा कोटी टनांनी घटते. शिदोरी दुप्पट, खर्च पंचवीस पट, तर आयुष्य किती? सूर्याला एकूण सुमारे हजार कोटी वर्षे आहेत. गाभ्यातला दहा टक्के ऐवजच पेटतो असे धरून मघाच्याच हजारातल्या सातांनी तुम्ही हा आकडा घरी काढू शकता. व्याधाच्या वाट्याला शंभर कोटींच्याही आतली येतात. आकाशातल्या थोरामोठ्यांचा कारभार हा असा.

एक तिरका प्रश्न मध्येच कोणी विचारील: एवढे वस्तुमान जाते तर सूर्य हलका होत नाही का? होतो. आणि त्याची पकड सैल होते, म्हणून पृथ्वीची कक्षा वर्षाला सुमारे एक सेंटीमीटरने मोठी होते, नुसत्या प्रकाशापायी. सौरवाऱ्यातून जाणारे कण धरले तर आणखी थोडी. बुधाभोवती फिरलेल्या मेसेंजर यानाच्या नोंदी घेऊन बुधाच्या कक्षेवरून सूर्याची ही घट अजमावण्याचे काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि आकडा याच पातळीचा आला. म्हणजे सुरुवातीला मी थट्टेने ज्या काट्याबद्दल विचारले, तो काटा आता थोडाफार तयार होतो आहे.

पण सूर्याच्या आतल्या घडामोडींचा याहून थेट पुरावा आहे. हायड्रोजनचे चार अणू जुळून हेलियम होताना न्यूट्रिनो नावाचे दोन कण बाहेर पडतात, आणि त्यांना पांघरूण अडवतच नाही. ते दोन-सव्वादोन सेकंदांत सूर्याबाहेर, आठ मिनिटांत इथे. किती येतात? दर हेलियममागची ऊर्जा ठाऊक आहे, १३६१ वॅट ठाऊक आहेत. भागाकार केला की अंगठ्याच्या नखावर सेकंदाला सहा-साडेसहा हजार कोटी. आत्ता, इथे, आणि रात्रीही, पायाखालून.

ते पकडायला अमेरिकेत साउथ डाकोटातल्या होमस्टेक सोन्याच्या खाणीत, दीड किलोमीटर खोल, रे डेव्हिस यांनी जवळजवळ चार लाख लिटर ड्राय-क्लीनिंगच्या द्रावणाची टाकी ठेवली. (खाणीत न्यूट्रिनो शोधण्यात आपणही मागे नव्हतो, कोलारच्या सोन्याच्या खाणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मंडळींनी १९६५ मध्ये वातावरणातले न्यूट्रिनो नोंदवले होते.) डेव्हिस यांना हवे त्याच्या एक-तृतीयांशच मिळाले, आणि तीस वर्षे वाद चालला. सूर्याचे गणित चुकले म्हणणारे बरेच होते. कॅनडातल्या सडबरी इथल्या वेधशाळेने २००१-०२ मध्ये निकाल लावला: सूर्य बरोबर होता, न्यूट्रिनोच वाटेत रूप बदलत होते.

मग राहिले शेवटचे मोजमाप. इटलीत ग्रान सासो डोंगराखालच्या बोरेक्सिनो प्रयोगाने २०१४ मध्ये प्रोटॉन-प्रोटॉन जुळण्यातले मूळ न्यूट्रिनो थेट पकडले, आणि २०१८ मध्ये सगळ्या मापांवरून सूर्याची शक्ती न्यूट्रिनोंनी काढली. उन्हाला हात न लावता, डोंगराच्या पोटात बसून. उत्तर ३.८९ गुणिले १० चा २६ वा घात, दहा टक्के इकडे-तिकडे. उन्हाने दिलेले ३.८३. ऊन सांगते लाखभर वर्षांपूर्वी गाभ्यात काय तयार झाले, न्यूट्रिनो सांगतात आठ मिनिटांपूर्वी काय झाले. दोन्ही जुळतात, म्हणजे भट्टी आणि गळती यांचा समतोल लाख वर्षांत दहा टक्क्यांच्या बाहेर ढळलेला नाही. एक टक्क्यापर्यंत उतरायचे तर याहून मोठी टाकी हवी. बोरेक्सिनोने २०२१ मध्ये काम थांबवले. आता प्रश्न असतील तर विचारा, फळा अजून अर्धा रिकामा आहे.